संकेतित मजकुराचे विसंकेतन : प्रस्तावना

संगणकात साठवलेला किंवा एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारा कोणताही मजकूर मुळात अंकांच्या रूपात असतो, आणि कोणत्या अंकाने कोणते अक्षर समजायचे याविषयीचा करार लिहिणारा व वाचणारा या दोघांनी सारखाच पाळला तरच पडद्यावर अर्थपूर्ण ओळ उमटते. या कराराला संकेतन म्हणतात. व्यवहारात एन्कोडिंग हाच शब्द अधिक चालतो. करारानुसार रूप पालटलेला मजकूर मूळ रूपात परत आणण्याच्या क्रियेला विसंकेतन किंवा डिकोडिंग असे नाव आहे, आणि अशा अक्षरमाळेला संगणकाच्या परिभाषेत स्ट्रिंग म्हटले जाते. हे सारे एरवी पडद्यामागे घडत असल्यामुळे सामान्य वाचकाला त्याची जाणीव होते ती बहुधा ते फसल्यावरच: मराठी विकिपीडियावरील लेखाचा दुवा दुसरीकडे डकवला की शीर्षकाच्या जागी टक्क्यांच्या चिन्हांची रांग उभी राहते, जुन्या ई-मेलच्या विषयाच्या ओळीत प्रश्नचिन्हांमध्ये अडकलेला रोमन अक्षरांचा गुंता दिसतो, किंवा कधीकाळी छापखान्यासाठी तयार केलेली मराठी फाइल उघडली असता त्यात एकही देवनागरी अक्षर सापडत नाही.

अशा स्ट्रिंग उलगडणारी साधने आज विपुल आहेत आणि त्यांपैकी बरीच विनामूल्य मिळतात. तरीही साधन हाताशी असणे आणि मजकूर वाचता येणे यांत अंतर उरते, कारण साधन केवळ गणित करते आणि कोणते गणित करायचे हे ठरवण्याचे काम बहुतांशी वाचणाऱ्याकडेच राहते. प्रत्येक संकेतन कोणत्या ना कोणत्या प्रत्यक्ष अडचणीवरचा तोडगा म्हणून जन्माला आले, आणि त्या अडचणीच्या खुणा त्याच्या बाह्यरूपावर कायम राहिल्या. म्हणून एखादी अगम्य स्ट्रिंग समोर आली असता ती कशाने उघडेल हा प्रश्न दुय्यम ठरतो, आणि ती कोणत्या वाटेने आली व त्या वाटेवर तिला काय वर्ज्य होते हा प्रश्न आधी विचारावा लागतो. पुढील विवेचन या दुसऱ्या प्रश्नाच्या आधारे चालते.

प्रारंभीच एक गल्लत दूर केली पाहिजे, कारण तिच्यापायी नुकसान होते. संकेतन आणि कूटलेखन, म्हणजे एन्क्रिप्शन, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कूटलेखनात मजकूर उलगडण्यासाठी एक गुप्त किल्ली लागते आणि ती नसेल तर पद्धत पूर्ण ठाऊक असूनही उपयोग होत नाही. संकेतनात किल्ली नसतेच, पद्धत सार्वजनिक असते आणि ती जाणणाऱ्या कोणालाही मजकूर वाचता येतो. तरीसुद्धा बेस६४ या पद्धतीने गुंडाळलेला पासवर्ड सुरक्षित आहे अशी समजूत प्रोग्रामरांमध्येही आढळते. अनेक संकेतस्थळे सभासदाने एकदा प्रवेश केल्यानंतर त्याच्या ब्राउझरला जे टोकन देतात ते पुष्कळदा जेडब्ल्यूटी या प्रकारचे असते, आणि ते टिंबांनी विभागलेल्या तीन भागांचे असून त्याची सुरुवात ‘ई-वाय-जे’ या तीन रोमन अक्षरांनी होते. ती तशीच का होते याचे कारण साधे आहे: आतील मजकूर महिरपी कंस, दुहेरी अवतरणचिन्ह आणि त्यापाठोपाठ एखादे रोमन अक्षर अशा क्रमाने सुरू होतो आणि त्या क्रमाचे बेस६४ रूप याच अक्षरांनी सुरू होते. या टोकनाचा शेवटचा भाग म्हणजे स्वाक्षरी; तिच्यामुळे मजकुरात फेरफार झाला नसल्याची खात्री पटते, परंतु मजकूर झाकला जात नाही. तिसरा प्रकार हॅशचा. एमडी५ या पद्धतीने कोणत्याही लांबीच्या मजकुराचा १२८ बिटांचा, म्हणजे सोळा अंकचिन्हे वापरणाऱ्या षोडशमान लेखनात ३२ चिन्हांचा, सारांश निघतो आणि त्यातून मूळ मजकूर काढण्याचा मार्गच नसतो. ‘एमडी५ डिकोडर’ म्हणून जी संकेतस्थळे मिरवतात ती प्रत्यक्षात आधी तयार करून ठेवलेल्या जंत्रीत शोध घेतात. त्यांना विसंकेतनाची साधने म्हणणे हा शुद्ध दिशाभुलीचा प्रकार आहे.

संकेतनांची गर्दी का झाली हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६३ साली अमेरिकेत आस्की हे मानक ठरले. त्यात सात बिटांमध्ये मावणाऱ्या १२८ जागा होत्या आणि रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे व यंत्राला द्यायच्या काही आज्ञा यांतच त्या संपल्या. ई-मेलच्या वाहतुकीचे जे नियम १९८२ मध्ये लेखबद्ध झाले ते याच सात बिटांच्या गृहीतावर उभे होते, त्यामुळे चित्र, ध्वनी किंवा रोमनेतर लिपी यांना त्या वाटेने थेट जाता येत नव्हते. १९९२ साली नॅथनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम हे मानक मांडले आणि त्यात बेस६४ ला स्थान दिले. तिची रचना अशी की मूळ मजकुरातील तीन बाइट, म्हणजे २४ बिट, एकत्र घ्यायचे, त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडायचे आणि प्रत्येक गटासाठी २६ मोठी रोमन अक्षरे, २६ लहान अक्षरे, दहा अंक, अधिकचिन्ह व तिरपी रेघ या ६४ चिन्हांपैकी एक वापरायचे. शेवटी बाइट कमी पडले तर बरोबरचे चिन्ह जोडून गट पुरा करायचा. मजकूर यामुळे एक तृतीयांशाने फुगतो, पण कोणत्याही जुनाट यंत्रणेतून सुखरूप पार होतो. संकेतस्थळांच्या पत्त्यांपुढची अडचण वेगळी होती. तेथे मोकळी जागा, प्रश्नचिन्ह, तिरपी रेघ इत्यादींना विशेष अर्थ असल्याने मजकुरातील अशा चिन्हांना आणि आस्कीबाहेरच्या सर्व बाइटना टक्क्याचे चिन्ह व दोन षोडशमान अंक असे रूप देण्यात आले.

देवनागरीचा प्रवेश या चित्रात निराळ्या दाराने झाला. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचे मानक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक संकेतांक असतो. तो बाइटच्या रूपात कसा लिहायचा यासाठी केन थॉम्सन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ ही पद्धत आखली, जी आज जवळजवळ सर्वत्र चालते. तीत रोमन अक्षर एका बाइटमध्ये आणि देवनागरी चिन्ह तीन बाइटमध्ये मावते.

एकच अक्षर घेऊन हे सारे शेजारी शेजारी ठेवले तर पुष्कळ उलगडा होतो. ‘म’ या अक्षराचा युनिकोड संकेतांक दशमान पद्धतीत २३५० असून षोडशमान पद्धतीत तो ०९२ई असा लिहिला जातो. या पद्धतीत दहा ते पंधरा या संख्यांसाठी रोमन वर्णमालेतील पहिली सहा अक्षरे वापरतात आणि येथे ती देवनागरीत ए ते एफ अशी लिहिली आहेत. यूटीएफ-८ मध्ये ‘म’चे तीन बाइट ई०, ए४, एई असे होतात. संकेतस्थळाच्या पत्त्यात तोच ‘म’ %ई०%ए४%एई असा अवतरतो, जुन्या ई-मेलच्या मजकुरात टक्क्याच्या जागी बरोबरचे चिन्ह येते, वेबपानाच्या मूळ संहितेत &#२३५०; असा आकडा दिसतो (अर्थात तेथे अंक इंग्रजी असतात), आणि बेस६४ मध्ये चार हा अंक, मोठा के, मोठा एस व लहान यू अशी चार चिन्हे मिळतात. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा वाटला तरी युनिकोडच्या लेखी त्यात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. म्हणून त्याचे १५ बाइट होतात, बेस६४ मध्ये २० आणि टक्केवाल्या पत्त्यात तब्बल ४५ चिन्हे होतात. मराठी दुवे हातभर लांब का होतात याचे उत्तर या गुणाकारात आहे.

या कोष्टकातून ओळखीची खूणही हाती येते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट ई० आणि दुसरा ए४ किंवा ए५ असल्याने बेस६४ मध्ये दर चार चिन्हांनी ‘चार-के-एस’ किंवा ‘चार-के-डब्ल्यू’ ही त्रयी पुन्हा पुन्हा येते. मध्ये मोकळी जागा आली की तिचा एकच बाइट असल्यामुळे तीन-तीनची घडी सरकते आणि पुढच्या शब्दात खूण बदलते, पण तीही ठरावीक रीतीनेच पुनरावृत्त होते. सराव झालेला वाचक म्हणूनच कोणतेही साधन उघडण्याआधी सांगू शकतो की समोरच्या गुंत्यात देवनागरी दडलेली आहे. मोबाइल संदेशांच्या नोंदींत दर चार अंकांच्या गटाची सुरुवात शून्य-नऊने होताना दिसली तर तेथे प्रत्येक चिन्हासाठी दोन बाइट वापरणारी पद्धत आहे असे समजावे. मराठी एसएमएस १६० ऐवजी ७० चिन्हांत संपतो तो याच पद्धतीमुळे.

साधनांचा विचार करताना सायबरशेफचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. जीसीएचक्यू या ब्रिटिश गुप्तवार्ता संस्थेने ते २०१६ मध्ये मुक्त स्रोत म्हणून खुले केले. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मनांचे एनिग्मा संदेश फोडणारी संस्था ही जीसीएचक्यूचीच पूर्वज. तिच्या वारसदारांनी घडवलेल्या साधनाची परिभाषा मात्र स्वयंपाकघरातली असावी, हा इंग्रजी विनोदबुद्धीचा नमुनाच म्हटला पाहिजे. डावीकडील यादीतून क्रिया उचलून मधल्या स्तंभात एकाखाली एक रचायच्या, त्या रचनेला ‘रेसिपी’ म्हणायचे, उजवीकडे वर मूळ स्ट्रिंग घालायची आणि खाली निष्पत्ती पाहायची, असा त्याचा साधा मांडणीक्रम आहे. हे साधन संपूर्णपणे ब्राउझरमध्येच चालते, घातलेला मजकूर दुसऱ्या संगणकाकडे जात नाही आणि ते उतरवून घेऊन इंटरनेटविनाही वापरता येते. हा गुण वरवर किरकोळ वाटला तरी निर्णायक आहे, कारण उलगडायच्या स्ट्रिंगमध्ये काय आहे हे उलगडण्यापूर्वी ठाऊक नसते, आणि एखाद्या अनोळखी संकेतस्थळाच्या चौकटीत ती डकवणे म्हणजे न वाचलेले पत्र परक्याच्या हाती देणे होय.

सायबरशेफमध्ये ‘मॅजिक’ नावाची एक क्रिया आहे, जी संकेतन ठाऊक नसताना वेगवेगळ्या पद्धती काही थरांपर्यंत आजमावून पाहते आणि संभाव्य उत्तरे सुचवते. ती हे कशाच्या आधारे ठरवते हे समजून घेण्याजोगे आहे. बेस६४, षोडशमान किंवा टक्केवाले लेखन यांचा ठरावीक चिन्हसंच ती तपासते, निष्पत्तीतील बाइटची वारंवारिता ज्ञात भाषांशी जुळते का हे पाहते आणि निष्पत्ती यूटीएफ-८ म्हणून वैध आहे का याचीही नोंद घेते. यांतील शेवटचा पुरावा विशेष बळकट असतो, कारण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटच्या गटातील पहिला बाइट एक-एक-एक-शून्य या बिटांनी आणि पुढचे दोन्ही एक-शून्य या बिटांनी सुरू व्हावेच लागतात. सहज जमलेले बाइट ही शिस्त लांबवर पाळत नाहीत. तथापि या यांत्रिक अंदाजाला मर्यादा आहेत. चार रोमन अक्षरांचा कोणताही इंग्रजी शब्द बेस६४ म्हणून वैध असतो आणि साधन तो विनातक्रार ‘डिकोड’ करून तीन निरर्थक बाइट हाती ठेवते. षोडशमान अंकांची माळही बेस६४ च्या चिन्हसंचात बसते. शिवाय बेस६४ उलगडण्याच्या क्रियेत चिन्हसंचाबाहेरची चिन्हे वगळण्याचा पर्याय सुरुवातीपासून निवडलेलाच असतो. ओळींच्या तुटकांसाठी तो उपयुक्त असला तरी स्ट्रिंग वाटेत खराब झाली असेल तर ती खराबी तो झाकून टाकतो, म्हणून उत्तर संशयास्पद वाटल्यास तो काढून पुन्हा पाहणे इष्ट असते.

एकावर एक चढवलेली संकेतने हा नेहमीचा प्रकार आहे आणि तेथे क्रमाला महत्त्व असते: शेवटी चढवलेला थर आधी उतरवावा लागतो. आधार पत्रावरील सुरक्षित क्यूआर कोड स्कॅन केला की दशमान अंकांची एक प्रचंड संख्या मिळते; ती संख्या बाइटमध्ये पालटायची, मग ते बाइट जीझिप पद्धतीच्या संकोचनातून सोडवायचे, आणि त्यानंतर २५५ या मूल्याच्या बाइटने विभागलेली नाव-पत्त्यासारखी क्षेत्रे वेगळी करायची, असा तो क्रम आहे. त्यातही मजकूर गुप्त नाही, केवळ त्यावर भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी आहे. थरांचा गैरवापर घातक प्रोग्राम लिहिणारेही करतात. विंडोजमधील पॉवरशेल बेस६४ मध्ये गुंडाळलेली आज्ञा स्वीकारते, पण आतील मजकूर यूटीएफ-१६ या पद्धतीचा असल्याने प्रत्येक रोमन अक्षराच्या मागे एक शून्य बाइट येतो; अशा स्ट्रिंगमध्ये मोठ्या रोमन ‘ए’ची गर्दी दिसते, आणि उलगडताना आतील पद्धत सांगायची राहिली तर अक्षरांच्या मध्ये ठिपके पडतात. असे ठिपके हे अपयशाचे नव्हे, तर एक थर अद्याप शिल्लक असल्याचे चिन्ह असते.

सर्वांत कठीण प्रकरण मात्र हेतुपुरस्सर चढवलेल्या थरांचे नसून चुकून झालेल्या वाचनाचे असते. यूटीएफ-८ मधील मजकूर एखाद्या प्रोग्रामने विंडोज-१२५२ या जुन्या पश्चिम युरोपीय पद्धतीचा समजून उघडला की प्रत्येक देवनागरी चिन्हाचे तीन तुकडे होतात; जपानी भाषेतून आलेला मोजिबाके हा शब्द या विकृतीसाठी रूढ आहे. ई० या बाइटचे डोक्यावर तिरकी रेघ असलेले लहान ‘ए’ होते, ए४ चे चार किरणे फुटलेले वर्तुळासारखे चलनचिन्ह होते, ए५ चे जपानी येनचे चिन्ह होते. ‘म’च्या शेपटाला नोंदणीकृत व्यापारचिन्हाची खूण येते, आणि दुसऱ्या वेलांटीच्या जागी येनपाठोपाठ युरो उभा राहतो. तत्त्वतः ही विकृती पूर्णपणे उलटवता येते: चिन्हे विंडोज-१२५२ च्या बाइटमध्ये परत न्यायची आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. व्यवहारात मात्र अडथळा येतो तो विंडोज-१२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या असल्यामुळे. ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या बाइटना तेथे कोणतेही चिन्ह नेमलेले नाही, आणि काही प्रोग्राम ते सांभाळून ठेवतात, तर काही सरळ गाळून टाकतात. मराठीचे दुर्दैव असे की पहिला उकार, हलन्त, ए, ऐ आणि झ यांचे शेवटचे बाइट नेमके या रिकाम्या जागांवर पडतात. हलन्त गेला की जोडाक्षर गेले. ‘ठ’चा शेवटचा बाइट तेथे न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचा, तर ‘भ’चा अदृश्य संयोगचिन्हाचा ठरतो, आणि मजकूर ‘स्वच्छ’ करणारे प्रोग्राम पहिल्याचे साध्या मोकळ्या जागेत रूपांतर करतात व दुसरा पुसून टाकतात. ‘मराठी’ हा शब्दच अशा वेळी ‘ठ’पाशी मोडतो.

येथे साधन नुसतेच प्रतिस्थापनाचे काळे चौकोन दाखवते, परंतु कारण जाणणाऱ्याला पुढे जाता येते. ई० आणि ए४ यांच्या मागे साधी मोकळी जागा येणे वैध यूटीएफ-८ मध्ये शक्यच नसते, तेव्हा तेथे बहुधा ‘ठ’ होता असे ठरते आणि ‘शोधा व बदला’ या एका क्रियेने सर्व ‘ठ’ परत आणता येतात. ए५ नंतरचा बाइट हरवला असेल तर तेथे पहिला उकार किंवा हलन्त या दोहोंपैकी एक असण्याचीच शक्यता जवळजवळ पूर्ण असते, आणि कोणता हे मराठी जाणणारा वाचक शब्द पाहून ठरवू शकतो. ए४ नंतरची पोकळी अधिक संदिग्ध असते, कारण तेथे ए, ऐ, झ, चंद्रबिंदू किंवा भ यांपैकी काहीही असू शकते. बाइटच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील तर मात्र कोणताही उपाय उरत नाही. तेथे मूळ माहितीच नष्ट झालेली असते.

युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील मजकूर हा याच विषयाचा मराठी वाचकांना सर्वांत जवळचा भाग होय. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचे फॉन्ट, कृतिदेव इत्यादींनी अनेक वर्षे मराठी मुद्रणाचा भार वाहिला, पण त्यांत अक्षरांऐवजी अक्षरांच्या आकृत्या साठवल्या जात आणि त्याही रोमन चिन्हांच्या जागांवर. कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द मोठा एच, के, के, जे, आर अशा पाच रोमन अक्षरांनी साठवला जातो: मोठा एच हा अर्धा भ, पहिला के म्हणजे तो पूर्ण करणारा दंड, आणि दुसरा के हा खरा काना. पहिली वेलांटी दिसते त्या क्रमाने व्यंजनाआधी आणि रफार व्यंजनानंतर साठवला जाई, तर युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो. म्हणून परिवर्तकाला केवळ अदलाबदलीचे कोष्टक पुरत नाही, त्याला तुकडे सांधावे आणि सरकवावेही लागतात. प्रत्येक फॉन्टचे कोष्टक निराळे असल्याने एकाचे दुसऱ्याला चालत नाही, आणि ओळीत मधेच खरा इंग्रजी शब्द आला तर परिवर्तक त्याचेही निरर्थक देवनागरी करून ठेवतो, कारण कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये आहे ही नोंद मजकुरात नसते, ती फाइलच्या मांडणीत असते. जुनी फाइल नुसत्या मजकुराच्या रूपात काढून घेतली की पहिल्यांदा हीच नोंद पुसली जाते. त्यामुळे अशा संग्रहांचे रूपांतर करताना मूळ फाइल आणि तिच्यातील फॉन्टची नावे आधी जतन करून ठेवावी लागतात, आणि जुन्या मराठी मजकुरावरील प्रकरणाची सुरुवातही याच कामापासून केलेली आहे.